लॅपटॉपचा स्वर आणि सभेचा अँप्लिफायर

वाशीम जिल्ह्यातील एखाद्या शाळेचे संमेलन डोळ्यांपुढे आणावे. लॅपटॉपवर गोड वाटणारे गीत अँप्लिफायरमधून मात्र चिरकते. दोष बहुधा यंत्राचा नसून जोडणीचा असतो. माइकच्या जॅकला काही सहस्रांश व्होल्टचाच क्षीण संदेश मानवतो; लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटर जॅकमधून तो सुमारे एक व्होल्टपर्यंत येतो. यास्तव तार ‘लाइन’ जॅकमध्येच जोडावी आणि जोडताना आवाज अगदी कमी ठेवावा.

चार्जर लावताच घुमघुम सुरू झाल्यास, दोन्ही यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह हे तिचे कारण असू शकते. दोहोंस एकाच फलकावरून वीज द्यावी, अथवा लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. अर्थिंगची तार मात्र कदापि तोडू नये. स्वरशुद्धीहून प्राण मोलाचा.