मोरीच्या पाण्याचें पुढें काय होतें?

घरांत पाणी कोठून येतें हें लहान मुलासहि ठाऊक असतें. तें जातें कोठें, याचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो. यवतमाळ जिल्ह्यांतील ढाणकीसारख्या गांवीं मोरीचें पाणी परसांतील केळीच्या आळ्यांत सोडण्याची रीत जुनी आहे. तांदळाचें धुवण व खरकट्याचें पाणी तेथें मुरतें, केळ पोसते आणि दुर्गंधि फारशी येत नाहीं. यांत केळीइतकेंच श्रेय तिच्या मुळांशीं राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंचें आहे.

पीठ, तूप, विष्ठा इत्यादि सेंद्रिय द्रव्य हें या जंतूंचें अन्न होय. नव्या अन्नाशीं परिचय होईतों त्यांची वाढ मंद असते. नंतर ती झपाट्यानें होते. अनुकूल स्थितींत कांहीं जंतु वीस मिनिटांत दुप्पट होतात. अन्न सरलें कीं वाढ थांबते, आणि अखेर ते स्वतःच्या शरीरांतील सांठाच जाळूं लागतात. एकत्र कुटुंबांत जेवणारीं माणसें व शिजविलेलें अन्न यांचा मेळ गृहिणीस घालावा लागतो, तसाच जंतु व सांडपाणी यांचा मेळ येथें घालावा लागतो.

प्राणवायु भरपूर असल्यास या अन्नाचा कांहीं भाग जळून कर्बाम्ल वायु व पाणी होतें, आणि उरलेल्यापासून नवे जंतु बनतात. परंतु ३० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायु विरघळतो. म्हणून उन्हाळ्यांत पैनगंगेच्या आटलेल्या डोहांत सांडपाणी पडल्यास जंतु तो लवकरच संपवितील व मासे गुदमरतील.

१९१४ सालीं मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट यांनीं यावर तोड काढली. सांडपाण्यांत हवा खेळविली, आणि तळीं बसलेला जंतुमय गाळ फेंकून न देतां पुढच्या पाण्यांत घातला. कालच्या दह्याचें विरजण आज लावावें, तसेंच हें! ज्या शुद्धीस प्रथम आठवडे लागले, ती पुढें एका दिवसाच्या आंत होऊं लागली. या कल्पनेला चालना देणारे डॉ. फौलर पुढें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत प्राध्यापक झाले. आपल्या नागपुरासहि या विषयाच्या संशोधनासाठीं १९५८ पासून राष्ट्रीय संस्था आहे.

हवा नसतांहि कांहीं जंतु हें काम करतात; मात्र सावकाश. त्यांतून मिथेन हा ज्वालाग्राही वायु निघतो. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच तो जमवून कामास लावला होता. घरची सेप्टिक टाकी अशाच जंतूंवर चालते. तींत फिनेल वा आम्ल सढळ हातानें ओतणें म्हणजे आपल्याच सेवकांस विष घालणें होय. टाकींतून निघणारें पाणी रोगजंतुरहित नसतें. तें शोषखड्ड्यांतच मुरवावें, आणि तो विहिरीपासून दूर असावा. वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत पाणी सावकाश झिरपतें, म्हणून खड्ड्याभोंवतीं वाळू-खडीचा थर द्यावा.

आतां एक मनास टोंचणारी गोष्ट. सोवळें आपण पाळलें, पण घाण उपसण्याचें काम पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या माथीं मारलें. १९३२ सालीं अप्पासाहेब पटवर्धनांनीं रत्नागिरीच्या तुरुंगांत मैला काढण्याचें काम आपणांस मिळावें असा आग्रह धरला, आणि त्यांच्यासाठीं येरवड्यास गांधीजींनीं उपवास केला. पुढें कणकवलीच्या गोपुरींत अप्पांनीं मैल्याचें खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले; देहूस डॉ. मापुसकरांनीं संडासाला वायुसंयंत्र जोडून दाखविलें. २०१३ च्या कायद्यानें माणसाकरवीं मैला उपसण्यास बंदी आहे. तरीहि टाकींत उतरलेलीं माणसें विषारी वायूनें आजहि मरतात.

दोन खड्ड्यांचा संडास बांधल्यास हें पाप टळतें. एक भरला कीं बंद करून दुसरा वापरावा. दोन वर्षांत जंतु पहिल्यांतील मैल्याचें निरुपद्रवी खत करतात. जें काम हे न दिसणारे जीव बिनबोभाट करतात, त्यासाठीं माणसाला खड्ड्यांत उतरविणाऱ्या घरानें स्वतःस शुचिर्भूत म्हणवून घेऊं नये.