दुखणे घशाचे, धोका हृदयाला

मुलाचा घसा वारंवार दुखू लागला की पालक टॉर्च लावून तोंडात पाहतात. घशाच्या मागच्या भिंतीवर साबुदाण्यासारखे लालसर उंचवटे दिसतात आणि घरात धास्ती पसरते. हे उंचवटे म्हणजे बहुधा रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके असतात. तोंडा-नाकावाटे येणाऱ्या जंतूंना अडवणे हे त्यांचे काम. सर्दी किंवा ॲलर्जीत ते फुगतात आणि दुखणे गेल्यावरही काही आठवडे तसेच राहू शकतात. मूल खातेपिते, खेळते असेल तर केवळ त्यांच्यासाठी औषध लागत नाही.

मुलांचा घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो. सोबत नाक वाहते, खोकला येतो, आवाज बसतो. अशा वेळी अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. वजनानुसार पॅरासिटामॉल, पातळ पेज, भरपूर पाणी आणि विश्रांती पुरते. मोठ्या मुलांनी कोमट मीठपाण्याच्या गुळण्या कराव्यात. साधारण आठवड्यात आराम पडतो.

खरी काळजी स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूची. ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये तो अधिक आढळतो. एकाएकी ताप, गिळताना तीव्र वेदना, टॉन्सिलवर पांढरट ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि सर्दी-खोकला मात्र नाही, असे असेल तर डॉक्टरांना दाखवावे. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिले, तर ते सहसा १० दिवस घ्यायचे असते. पण दोन-तीन दिवसांत मूल खेळू लागते आणि उरलेले औषध कपाटात पडून राहते.

अशा अपुऱ्या उपचारानंतर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक ताप येतो. जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. आज गुडघा सुजतो, तो उतरतो तोच घोटा धरतो. सांधे बरे होतात; हृदयाची झडप मात्र कायमची बिघडू शकते. अनेकदा ते कळते तरुणपणी धाप लागल्यावर, मुलींच्या बाबतीत कधी गरोदरपणात. दुखणे सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू करून ते पूर्ण घेतले, तर हा धोका बहुतांशी टळतो.

टॉन्सिल काढण्याची घाई नको. वर्षात ७ वेळा, सलग दोन वर्षे दरवर्षी ५ वेळा किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी ३ वेळा घसा ठळकपणे बिघडला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यासाठी प्रत्येक आजारपणाची तारीख वहीत लिहून ठेवावी.

लाळ गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, श्वास घेताना आवाज येतो किंवा घशात करडा पापुद्रा दिसतो, तर तातडीने रुग्णालय गाठावे. असा पापुद्रा घटसर्पाचा असू शकतो. लसीकरण पूर्ण ठेवणे हाच त्यापासूनचा बचाव. मानेतली गाठ टणक असेल किंवा वाढत असेल, तर तीही तपासून घ्यावी.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलेच, तर शेवटच्या डोसाची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहावी. ताप गेला तरी औषध त्या तारखेपर्यंत चालू ठेवावे.