ट्रेलर जोडून घाट उतरतांना

लासलगांवचा कांदा मुंबईस नेतांना कसारा घाट उतरावा लागतो. मागें भरलेला ट्रेलर असतांही कित्येक चालक डिझेल वांचविण्याकरितां पिकअप न्यूट्रलमध्यें सोडतात. ही काटकसर नव्हे. गाडी गिअरांत उतरत असतां हल्लींच्या इंजिनाचा डिझेलपुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्यें मात्र डिझेल जळतच राहतें. शिवाय सारा भार ब्रेकांवर पडून ते तापतात व धरेनासे होतात. वेग दुप्पट झाला कीं ब्रेकांस काम चौपट पडतें. सबब शेतकरी बंधूंनीं माथ्यावरच खालचा गिअर घालावा. ट्रेलरचें सुमारें १० टक्के वजन जोडावर येईल असा माल भरावा. भार मागें गेल्यास ट्रेलर डोलूं लागतो. चार पोतीं कमी गेलीं तरी चालेल, परंतु चालक सुखरूप घरीं परतला पाहिजे.