पायी चालत वाचायचा इतिहास

ऑलिंपिक म्हटले की आपल्याला अथेन्स आठवते. पण इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातल्या मच वेनलॉक या छोट्या गावाचाही त्यात वाटा आहे.

तेथील डॉक्टर विल्यम पेनी ब्रूक्स यांनी १८५० मध्ये गावकऱ्यांसाठी क्रीडास्पर्धा सुरू केल्या. शाळेत व्यायाम शिकवावा म्हणूनही ते झटले. १८९० मध्ये फ्रान्सचे पियर द कुबेर्तँ त्या स्पर्धा पाहायला आले. ब्रूक्स तेव्हा ८१ वर्षांचे होते. पुढे १८९६ मध्ये अथेन्सला ऑलिंपिक भरले. पण चारच महिने आधी ब्रूक्स वारले होते. जगाने कुबेर्तँ यांचे नाव लक्षात ठेवले, डॉक्टरांना मात्र गावाने जपले.

कसे जपले? गावात सुमारे दोन किलोमीटरची एक पायवाट आखली आहे. फरसबंदीत बसवलेल्या कांस्य खुणा पाहत चालायचे. संग्रहालय, डॉक्टरांचे घर, त्यांची समाधी, खेळाचे मैदान असे करत गोष्ट उलगडत जाते. स्पर्धाही अजून दरवर्षी होतात.

आपल्या गल्लीतही अशी माणसे होऊन गेली असतील. आम्ही सुचवतो, या सुट्टीत आजी-आजोबांसोबत एक फेरी मारा, विचारा आणि वहीत लिहून ठेवा. सांगणारे आहेत तोवरच ऐकता येते.