रिव्हॉल्वरमधला घोडा आणि कुत्रा

सायकल हातात धरून ढकलताना मागच्या चाकातून टिकटिक ऐकू येते. तो फ्रीव्हीलमधला इवलासा खटका. सायकल दुरुस्तीवाले त्याला ‘कुत्रा’ म्हणतात. डबल-ॲक्शन रिव्हॉल्वरचं इमानही अशाच एका कुत्र्यावर असतं.

अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसनचं १८९९ पासूनचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर घ्या. चाप एकदाच ओढायचा, पण आत कामं दोन. घोडा मागे जाऊन सुटतो आणि खटका गोळ्या भरलेल्या चक्रीचा दात ढकलून तिला साठ अंशांनी फिरवतो. घोडा पडायच्या आत एक खीळ चक्रीच्या खाचेत बसायला हवी. तरच गोळीचं घर नळीसमोर नेमकं येतं. काडतूस फुसकं निघालं? पुन्हा चाप ओढला की पुढचं घर हजर. भरवशाची ख्याती यामुळेच.

खटका झिजला की मात्र चक्री किंचित अलीकडेच थांबते. गोळी नळीच्या काठाला घासते, शिशाचे कण बाजूला उडतात. मग कारागीर जरा जाड खटका कानशीने घासून बसवतो.

गंमत म्हणजे नेहमीची तक्रार याहून क्षुल्लक असते. रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचा कण अडकतो नि चक्री जाम! तिथे दात घासायचा जुना ब्रश पुरतो. दुसरी खोडी चांदणीच्या दांड्याची. हादऱ्यांनी आटे सैलावले की तो पुढे सरकतो आणि चक्री उघडतच नाही. कंपनीने पुढे त्याचे आटेच उलटे केले. सायकलच्या डाव्या पॅडलला असतात तसे.