परीक्षेविना परीक्षण

कोणताही व्यापारी वर्षअखेरच्या ताळेबंदाची वाट पाहत दुकान चालवीत नाही. तो रोजमेळ रोज मांडतो आणि तफावत त्याच सायंकाळी शोधतो. मुलांच्या शिक्षणात मात्र आपण ताळेबंदावरच विसंबतो. वार्षिक परीक्षेचे गुण हाती येतात, तेव्हा न समजलेला धडा मागे पडून कित्येक महिने लोटलेले असतात.

संगणकावरील शिक्षणात ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग अमेरिकेतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या प्राध्यापिका व्हॅलरी शूट यांनी दाखविला. त्याचे नाव 'स्टेल्थ असेसमेंट', म्हणजे शिकण्यात खंड न पाडता केलेले मूल्यमापन. मॅथ्यू व्हेंचुरा यांच्यासह लिहिलेले त्यांचे या विषयावरील पुस्तक २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांच्या 'फिजिक्स प्लेग्राउंड' या खेळात हिरवा चेंडू लाल फुग्यापर्यंत पोहोचवावयाचा असतो. त्यासाठी विद्यार्थी पडद्यावर उतरण, तरफ, लंबक रेखाटतो आणि ती आकृती भौतिकशास्त्राच्या नियमांनुसार हलू लागते. प्रश्नपत्रिका कोठेच नसते. तथापि काय रेखाटले, किती प्रयत्न केले, किती वेळ लागला, याची नोंद संगणक ठेवीत असतो. प्रत्येक नव्या पुराव्यानिशी 'तरफेचे तत्त्व याला उमगले आहे' ही शक्यता वाढते वा घटते. या गणिताचा पाया थॉमस बेज यांच्या, १७६३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या निबंधात आहे. बँकही एका धनादेशावरून खातेदाराची पत ठरवीत नाही. अनेक व्यवहार पाहून ठरविते.

यात मुलाचा लाभ मोठा आहे. चूक झाली तर गुण कापले जाण्याआधी मदत मिळते आणि परीक्षेची धास्ती आड येत नाही.

परंतु नोंद म्हणजे ज्ञान नव्हे. झटपट उत्तर हा अंदाजही असू शकतो, आणि रेंगाळणारे मूल कदाचित खोल विचार करीत असते. मोठ्या भावाने खेळून दिले, तर सारा हिशेबच खोटा ठरतो. म्हणून अंतिम निर्णय शिक्षकाचाच असावा.

शिवाय मुलाच्या नकळत होणारे हे मापन पालकांच्या नकळत होऊ नये. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, काही अपवाद वगळता, अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. तेव्हा संमती देण्यापूर्वी पालकांनी शाळेस विचारावे: कोणती नोंद ठेवली जाते, ती कोण पाहते, केव्हा पुसली जाते, आणि तिच्या आधारे उद्याच्या तासाला शिकविण्यात काय बदलते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर तो रोजमेळ केवळ मांडला जातो. तफावत कोणी शोधत नाही.