जहाजांची वही

आपल्या यवतमाळ जिल्ह्यास समुद्र नाही. परंतु सुटीत मुंबईस जाणाऱ्या मुलांस आम्ही एक छंद सुचवू इच्छितो. गेटवेवरून दिसणाऱ्या जहाजांची छायाचित्रे घेऊन ती वहीत तारीखवार लावावीत. नाळेवर जहाजाचे नाव असते. पिछाडीस नावाखाली नोंदणीचे बंदर. मोठ्या जहाजांस सात अंकी आय. एम. ओ. क्रमांक असतो, मालक, नाव, निशाण बदलले तरी तो बदलत नाही. नौदलाच्या गोदीकडे मात्र कॅमेरा वळवू नये.

हा उद्योग निरर्थक नव्हे. १९६१ साली नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ १९९७ साली निवृत्त होऊन मुंबईतच संग्रहालय झाली; २०१४ साली तिची मोडणी सुरू झाली. ज्यांनी वेळीच तिचे छायाचित्र घेतले, त्यांच्या नातवंडांस ती आजही घरबसल्या दिसते.